बँक तपासणी शुल्क

बँक तपासणी शुल्क म्हणजे बँकेच्या हिशेबांची व कारभाराची कायद्याने ठरविलेली तपासणी, लेखापरीक्षण किंवा चौकशी करण्यासाठी येणारा जो खर्च संबंधित बँकेकडून वसूल केला जातो, ती रक्कम. हे शुल्क कोणी ठरवावे, कोणी भरावे आणि तपासनिसाची नेमणूक कोणी करावी, याबाबत निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पद्धती आहेत. भारतात रिझर्व्ह बँक आपल्या नियमित तपासणीसाठी बँकांकडून वेगळे शुल्क घेत नाही. वैधानिक लेखापरीक्षण, विशेष लेखापरीक्षण आणि सहकार खात्यामार्फत होणारी चौकशी यांचा खर्च मात्र बहुतांशी बँकेवरच पडतो. महाराष्ट्रात सहकारी बँकांची संख्या मोठी असल्याने हा विषय येथे प्रामुख्याने सहकार कायद्याशी जोडलेला आहे. नाशिक जिल्ह्यात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, बहुराज्य नागरी सहकारी बँक आणि राज्य कायद्याखालील नागरी सहकारी बँका असे तिन्ही प्रकार आढळत असल्याने या निरनिराळ्या व्यवस्था तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

स्वरूप व प्रकार

बँकेच्या तपासणीशी निगडित खर्चाचे सर्वसाधारणपणे पुढील प्रकार होतात :

- पर्यवेक्षण शुल्क : नियामक संस्थेने आपला पर्यवेक्षणाचा खर्च भागविण्यासाठी बँकांवर बसविलेली वार्षिक किंवा सहामाही आकारणी. भारतीय बँकांना अशी आकारणी लागू नाही.
- वैधानिक लेखापरीक्षण शुल्क : वार्षिक ताळेबंद व नफा-तोटा पत्रक तपासून प्रमाणित करणाऱ्या लेखापरीक्षकाचे पारिश्रमिक. हे बँक भरते.
- विशेष लेखापरीक्षणाचा खर्च : नियामकाला एखाद्या व्यवहाराबद्दल शंका आल्यास त्याच्या आदेशाने होणाऱ्या तपासणीचा खर्च. हाही बँकेवर पडतो.
- चौकशी व निरीक्षणाचा खर्च : सहकार कायद्याखाली निबंधकाने केलेल्या चौकशीचा खर्च. हा संस्था, सभासद, धनको किंवा पदाधिकारी यांच्यात विभागता येतो.

दंड व विमा हप्ता हे तपासणी शुल्कापेक्षा भिन्न आहेत. बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ४७अ खाली रिझर्व्ह बँक जी रक्कम वसूल करते ती नियमभंगाबद्दलची शास्ती होय. ठेव विमा व पत हमी महामंडळाला बँका देत असलेली रक्कम हा ठेवींच्या संरक्षणासाठीचा हप्ता आहे. एप्रिल २०२० पासून या हप्त्याचा दर १०० रुपयांच्या ठेवीमागे वार्षिक १२ पैसे करण्यात आला. त्यापूर्वी तो १० पैसे होता. हा हप्ता बँकेने स्वतः सोसावयाचा असतो, ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही.

इतिहास

भारतात सहकारी पतसंस्थांना कायदेशीर रूप देणारा पहिला अधिनियम १९०४ साली झाला आणि १९१२ च्या अधिनियमाने त्याची व्याप्ती वाढविली. दोन्ही अधिनियमांत संस्थेच्या हिशेबांचे वर्षातून किमान एकदा लेखापरीक्षण करण्याची जबाबदारी निबंधकावर होती. १९१२ च्या अधिनियमात चौकशीच्या खर्चाबाबतही तरतूद होती. धनकोने संस्थेची दप्तरतपासणी मागितल्यास त्याला खर्चापोटी अनामत ठेवावी लागे आणि झालेला खर्च निबंधक संबंधितांमध्ये वाटून देऊ शके. मुंबई इलाख्यासाठी १९२५ साली स्वतंत्र सहकारी संस्था अधिनियम झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याची जागा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने घेतली.

बँकिंग विनियमनाचा १९४९ चा अधिनियम प्रारंभी सहकारी बँकांना लागू नव्हता. १ मार्च १९६६ पासून त्यातील अनेक तरतुदी सहकारी बँकांना लागू झाल्या आणि या बँकांवर दुहेरी नियंत्रण आले. परवाना, रोख राखीव निधी, कर्जवाटपाचे निकष व तपासणी हे विषय रिझर्व्ह बँकेकडे गेले. नोंदणी, निवडणुका, लेखापरीक्षण व अवसायन हे विषय निबंधकाकडे राहिले. १२ जुलै १९८२ रोजी नाबार्डची स्थापना झाल्यावर राज्य सहकारी बँका व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांची तपासणी नाबार्ड करू लागली.

संविधानातील सत्त्याण्णवावी दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अंमलात आली. तिच्याशी सुसंगत असे बदल महाराष्ट्राने २०१३ साली आपल्या अधिनियमात केले. त्यापूर्वी लेखापरीक्षण करणे किंवा करवून घेणे हे निबंधकाचे काम होते. या बदलांनंतर लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेकडे आला. मात्र ही निवड निबंधकाने तयार केलेल्या व शासनाने मान्य केलेल्या नामतालिकेतूनच करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता या घटनादुरुस्तीचा भाग रद्द ठरविला. तथापि राज्य विधिमंडळाने आपल्या अधिनियमात केलेले बदल कायम राहिले.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आल्यानंतर सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणाचा प्रश्न देशपातळीवर चर्चेत आला. पुढे २०२० च्या दुरुस्तीने बँकिंग विनियमन अधिनियमातील कलम ३० सहकारी बँकांनाही लागू करण्यात आले. नागरी सहकारी बँकांना हा बदल २९ जून २०२० पासून आणि राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला.

कायदेशीर चौकट

रिझर्व्ह बँकेची तपासणी

बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ३५ नुसार रिझर्व्ह बँक कोणत्याही बँकेची वह्या-पुस्तके व खाती केव्हाही तपासू शकते. या तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेचे अधिकारी बँकेत येतात, त्यांचे वेतन रिझर्व्ह बँक देते आणि तपासणीचे देयक बँकेला पाठविले जात नाही. रिझर्व्ह बँकेचा खर्च तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागतो व उरलेला वाढावा रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ४७ नुसार केंद्र शासनाकडे जातो. त्यामुळे पर्यवेक्षणाचा भार अप्रत्यक्षपणे सार्वजनिक तिजोरीवर पडतो, असे म्हणता येते.

विशेष लेखापरीक्षणाची व्यवस्था वेगळी आहे. सार्वजनिक हितासाठी, बँकेच्या किंवा तिच्या ठेवीदारांच्या हितासाठी रिझर्व्ह बँक कलम ३० खाली विशिष्ट व्यवहारांचे लेखापरीक्षण करण्याचा आदेश देऊ शकते. अशा लेखापरीक्षणाचा व त्याच्या अनुषंगाने होणारा सर्व खर्च बँकेने सोसावा, असे या कलमात स्पष्ट म्हटले आहे.

वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक

कलम ३० नुसार बँकेचे वार्षिक लेखापरीक्षण कंपन्यांचा लेखापरीक्षक होण्यास कायद्याने पात्र असलेल्या व्यक्तीने, म्हणजे सनदी लेखापालाने, करावयाचे असते. नेमणुकीपूर्वी रिझर्व्ह बँकेची मान्यता घ्यावी लागते. २७ एप्रिल २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँका, नागरी सहकारी बँका व बँकेतर वित्तीय कंपन्यांसाठी याबाबत एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार लेखापरीक्षक संस्थेची नेमणूक सलग ३ वर्षांसाठी असते, दरवर्षी मान्यता घ्यावी लागते आणि मुदत संपल्यावर त्याच संस्थेला ६ वर्षे पुन्हा नेमता येत नाही. शुल्काची रक्कम कामाची व्याप्ती, बँकेचा आकार आणि शाखाविस्तार यांना साजेशी असावी, असे या सूचनांचे धोरण आहे.

राष्ट्रीयीकृत बँकांत २०२५ पर्यंत लेखापरीक्षकाचे पारिश्रमिक बँक स्वतः ठरवीत नसे. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण अधिनियमाच्या कलम १० नुसार ते रिझर्व्ह बँक केंद्र शासनाशी विचारविनिमय करून निश्चित करीत असे. म्हणजे पैसे बँकेचे असले तरी दर तिसऱ्या पक्षाने ठरविलेला असे. बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या पुण्यात मुख्यालय असलेल्या बँकेलाही हीच व्यवस्था लागू होती.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम

अधिनियमाचे कलम ८१ लेखापरीक्षणाविषयी आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून ४ महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण होणे अपेक्षित असते. लेखापरीक्षकाचे पारिश्रमिक संस्थेने विहित दराने द्यावयाचे असते. नामतालिकेत सनदी लेखापाल, प्रमाणित लेखापरीक्षक आणि सहकार खात्यातील शासकीय लेखापरीक्षक या तिन्ही वर्गांचा समावेश होतो. खाजगी लेखापरीक्षकाने काम केल्यास शुल्क त्याला मिळते. शासकीय लेखापरीक्षकाने केल्यास ते शासनाकडे जमा होते. एका लेखापरीक्षकाने एका वर्षात किती संस्था स्वीकाराव्यात यावरही मर्यादा आहे. संस्थेने वेळेत लेखापरीक्षक न नेमल्यास निबंधक स्वतः नामतालिकेतून नेमणूक करू शकतो व त्या लेखापरीक्षणाचा खर्चही संस्थेकडेच राहतो.

लेखापरीक्षणात गैरव्यवहार आढळल्यास लेखापरीक्षकाने निबंधकाला विशेष अहवाल देणे व निबंधकाच्या लेखी परवानगीने प्रथम माहिती अहवाल दाखल करणे बंधनकारक आहे. यात कसूर करणाऱ्या लेखापरीक्षकाचे नाव नामतालिकेतून काढले जाऊ शकते. शंका असल्यास निबंधक चाचणी लेखापरीक्षणाचा किंवा फेरलेखापरीक्षणाचा आदेश देऊ शकतो. दाखविलेल्या दोषांची पूर्तता करून संस्थेने कलम ८२ खाली दोष दुरुस्ती अहवाल सादर करावयाचा असतो.

चौकशीचा खर्च : कलमे ८३ ते ८५

कलम ८३ खाली निबंधक संस्थेच्या घटनेची, कामकाजाची व आर्थिक स्थितीची चौकशी करू शकतो. कलम ८४ खाली धनकोच्या अर्जावरून संस्थेच्या वह्या तपासता येतात. त्यासाठी अर्जदाराला आपले येणे थकलेले असल्याचे दाखवावे लागते आणि खर्चापोटी अनामत भरावी लागते. चौकशीचा खर्च कोणी सोसावा हे कलम ८५ खाली निबंधक ठरवितो. तो संस्था, चौकशी मागणारे सभासद किंवा धनको आणि संस्थेचे आजी-माजी पदाधिकारी यांच्यात योग्य त्या प्रमाणात विभागता येतो. असा आदेश देण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते आणि कारणे लेखी नमूद करावी लागतात. संस्थेखेरीज अन्य व्यक्तीने या आदेशाविरुद्ध अपील केल्यास त्या अपिलाचा खर्च संस्थेच्या निधीतून करण्यास मनाई आहे.

दोषी व्यक्तींवर संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही कलम ८८ खाली होते. ती नुकसानभरपाई असून तपासणी शुल्कापासून वेगळी मोजली जाते.

बहुराज्य सहकारी बँका

एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या बँकांना बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ लागू होतो. या बँका राज्याच्या निबंधकाऐवजी केंद्रीय निबंधकाच्या कक्षेत येतात. लेखापरीक्षकाची नेमणूक व पारिश्रमिक यांची तरतूद या अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्रीय निबंधकाने मान्य केलेल्या नामतालिकेची पद्धत येथेही आणली.

नाशिक जिल्ह्यातील व्यवस्था

नाशिक हे सहकार खात्याच्या विभागीय रचनेत विभागाचे मुख्यालय असून नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे जिल्हे या महसुली विभागात येतात. जिल्हा पातळीवर जिल्हा उपनिबंधक आणि जिल्हा विशेष लेखापरीक्षक ही कार्यालये अनुक्रमे नियंत्रण व लेखापरीक्षण यांचे काम पाहतात.

नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही जिल्ह्यातील विविध कार्यकारी सहकारी संस्थांमार्फत शेतकऱ्यांना पीककर्ज पुरविणारी बँक आहे. तिची नोंदणी राज्य अधिनियमाखाली असून तपासणी नाबार्ड करते. तिच्या सभासद असलेल्या गावोगावच्या विविध कार्यकारी संस्थांचेही दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण होते व त्याचे शुल्क त्या संस्था आपापल्या उत्पन्नातून देतात. त्यामुळे एकाच पीककर्जाच्या साखळीत लेखापरीक्षणाचा खर्च गावपातळीवर, जिल्हापातळीवर आणि राज्य सहकारी बँकेच्या पातळीवर असा तीन ठिकाणी होतो. थकबाकी वाढून ही बँक अडचणीत आल्यानंतर २०१७ च्या अखेरीस तिचे संचालक मंडळ बरखास्त करण्यात आले. त्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. पुढे बँकेचा कारभार प्रशासकांकडे गेला.

नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजेच नामको बँक, ही १९५९ साली स्थापन झालेली बहुराज्य बँक आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली तिचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला व २०१८ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर निर्वाचित संचालक मंडळ पुन्हा आले. बहुराज्य बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करण्याचा थेट अधिकार रिझर्व्ह बँकेला कलम ३६अअअ खाली आधीपासून होता. राज्य कायद्याखालील बँकांबाबत तिला कलम ११०अ नुसार राज्याच्या निबंधकाकडे तशी मागणी करावी लागे. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा फरक बराच कमी झाला. बरखास्तीनंतर नेमलेल्या प्रशासकाचे वेतन व भत्ते रिझर्व्ह बँक ठरविते, परंतु ते संबंधित बँकेने द्यावयाचे असतात.

इंडिपेंडन्स को-ऑपरेटिव्ह बँक या नाशिकच्या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्देश लागू करून ठेवी काढण्यास मनाई केली. पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नसल्याच्या कारणावरून ३ फेब्रुवारी २०२२ रोजी तिचा परवाना रद्द झाला. बँकेच्या ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क असल्याचे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जाहीर केले. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली होती. तसेच १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध लागू झालेल्या बँकेच्या ठेवीदाराला ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद अंमलात आली.

शुल्काचा भार

लेखापरीक्षण शुल्क हा बँकेचा व्यवस्थापकीय खर्च असून तो नफा-तोटा पत्रकात दाखविला जातो. खाजगी लेखापरीक्षकाच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वैधानिक लेखापरीक्षणाखेरीज समवर्ती लेखापरीक्षण, अंतर्गत लेखापरीक्षण आणि माहिती प्रणालीचे लेखापरीक्षण यांचाही खर्च बँकांना करावा लागतो. या खर्चातील काही भाग बँकेच्या आकाराशी निगडित नसतो. लहान बँकेलाही संगणक प्रणाली, अहवाल व मान्यता यांची किमान पूर्तता करावीच लागते. त्यामुळे लहान बँकेवर ठेवींच्या प्रमाणात हा भार अधिक पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांची ठेवींनुसार चार स्तरांत विभागणी केली. १०० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात, १०० ते १,००० कोटी दुसऱ्या, १,००० ते १०,००० कोटी तिसऱ्या आणि त्यावरील बँका चौथ्या स्तरात येतात. लहान बँकांवरील नियमनाचा बोजा त्यांच्या आकाराला साजेसा ठेवणे हा या विभागणीमागील एक हेतू आहे.

सहकारी बँकेचे मालक तिचे सभासदच असल्याने हा खर्च अंतिमतः लाभांशात घट, कर्जावरील व्याजात वाढ किंवा ठेवींवरील व्याजात कपात या रूपाने सभासद व ठेवीदारांकडे येतो. दुसरीकडे, लेखापरीक्षणात वेळीच न आढळलेल्या थकीत कर्जांची किंमत शुल्काच्या तुलनेत कितीतरी मोठी असते व तीही त्यांनाच सोसावी लागते.

इतर देशांतील पद्धती

अमेरिका : १८६४ च्या राष्ट्रीय बँक अधिनियमानुसार बँक तपासनिसाला तपासणीच्या प्रत्येक दिवसामागे ५ डॉलर आणि प्रवासातील प्रत्येक २५ मैलांमागे २ डॉलर मिळत व ही रक्कम तपासलेली बँकच देई. १८७५ पासून बँकेच्या भांडवलानुसार ठरावीक शुल्काची पद्धत आली. ठरावीक शुल्कामुळे कमी वेळात अधिक बँका उरकण्याकडे तपासनिसांचा कल होतो, अशी टीका झाली. १९१३ च्या फेडरल रिझर्व्ह अधिनियमाने तपासनीस पगारी केले आणि खर्च बँकांच्या मालमत्तेच्या प्रमाणात वसूल करण्याची पद्धत घातली. राष्ट्रीय बँकांचे नियंत्रण करणारे कार्यालय आजही आपला खर्च बँकांवरील सहामाही आकारणीतून भागविते.

युरोपीय संघ : नोव्हेंबर २०१४ मध्ये एकल पर्यवेक्षण यंत्रणा सुरू झाल्यापासून युरोपीय मध्यवर्ती बँक आपल्या कक्षेतील बँकांकडून वार्षिक पर्यवेक्षण शुल्क घेते. बँकेची एकूण मालमत्ता आणि एकूण जोखीम यांवरून प्रत्येक बँकेचा वाटा ठरतो.

युनायटेड किंग्डम : तेथील वित्तीय नियामक संस्था मुख्यतः नियमनाखालील संस्थांकडून मिळणाऱ्या शुल्कावर चालतात.

भारतातील अन्य क्षेत्रांत शुल्काची पद्धत रूढ आहे. सेबी शेअर दलाल व अन्य मध्यस्थांकडून आणि विमा नियामक विमा कंपन्यांकडून शुल्क घेते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र वैधानिक सुधारणा आयोगाने मार्च २०१३ च्या अहवालात वित्तीय नियामकांनी आपला खर्च शुल्कातून भागवावा, अशी शिफारस केली होती. बँकांबाबत तिची अंमलबजावणी झालेली नाही.

आक्षेप व चर्चा

तपासणी शुल्काबाबतचा मुख्य आक्षेप हितसंबंधांच्या संघर्षाविषयी आहे. ज्याचे हिशेब तपासावयाचे त्यानेच लेखापरीक्षकाला निवडले व पैसे दिले, तर पुढील वर्षीचे काम टिकविण्यासाठी लेखापरीक्षक सौम्य भूमिका घेईल, अशी शंका घेतली जाते. नामतालिका, विहित दर, ३ वर्षांची मुदत आणि नियामकाची पूर्वमान्यता हे उपाय याच शंकेतून आले आहेत. शासकीय लेखापरीक्षणाच्या पद्धतीत ही अडचण कमी होती. पण अपुऱ्या मनुष्यबळामुळे लेखापरीक्षण रखडणे हा त्या पद्धतीचा दोष मानला गेला.

दुसरा आक्षेप दराबाबत आहे. दर फार कमी असल्यास अनुभवी लेखापरीक्षक काम स्वीकारीत नाहीत किंवा नमुन्यादाखल थोडेच व्यवहार तपासतात. दर जास्त असल्यास लहान बँकांना तो परवडत नाही. तिसरा मुद्दा चौकशीच्या खर्चाचा आहे. अनामत व खर्चविभागणीच्या तरतुदीमुळे निराधार अर्जांना आळा बसतो, मात्र त्याच तरतुदींमुळे खरी तक्रार असलेला सामान्य सभासद किंवा धनको पुढे येण्यास कचरतो, असाही युक्तिवाद केला जातो.

हेही पहा

- महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
- बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९
- भारतीय रिझर्व्ह बँक
- नाबार्ड
- ठेव विमा व पत हमी महामंडळ
- नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक
- नागरी सहकारी बँक